मुक्तस्रोत सीएमएसची पार्श्वभूमी: परवाना, अपग्रेड आणि अडकलेला मजकूर

सीएमएस, म्हणजे वेबसाइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर, निवडताना चर्चा बहुतेक वेळा एडिटर आणि थीमवरच होते. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र लोकांनी एक सीएमएस सोडून दुसरा धरला, तो प्रामुख्याने दोन कारणांनी: परवान्याच्या अटी बदलल्या, किंवा जुनी साइट पुढच्या आवृत्तीत जाईना. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. जुमला आणि ड्रुपल एक-दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. या अंतराची मुळं त्या दोन कारणांत सापडतात.

२००० च्या सुमारास बरीच नावं एकदम पुढे आली. टायपो३ २००० साली जीपीएल (कोड कोणालाही वापरू, बदलू आणि वाटू देणारा) परवान्याखाली खुला झाला, पीएचपी-न्यूक त्याच वर्षीचा. ड्रुपलची पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये ड्रीस बायटार्ट यांनी प्रसिद्ध केली. यातले बहुतेक पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर होते, त्याला कारण होस्टिंगचं. शेअर्ड होस्टिंगवर एफटीपीने फाइल चढवल्या, मायएसक्यूएलचा डेटाबेस जोडला की पीएचपीची साइट सुरू. पायथनवरच्या प्लोनला सतत चालणारी स्वतंत्र प्रोसेस आणि भरपूर मेमरी लागायची. स्वस्त होस्टिंगवर ती मिळत नसे. रचनेच्या दृष्टीने प्लोन त्या काळात कितीतरी शिस्तशीर होता, पण चढवायला सोपं तेच पसरलं.

परवान्याचे धडे लगेच मिळाले. मूव्हेबल टाइप हे तेव्हाचं लोकप्रिय ब्लॉग सॉफ्टवेअर मुक्तस्रोत नव्हतं. मे २००४ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली आणि फुकट वापर एक लेखक, तीन ब्लॉग एवढ्यावर आणला गेला. अनेक लेखकांच्या साइट रातोरात अडचणीत आल्या. त्यांच्यासमोर वर्डप्रेस तयार होता. मिशेल वाल्ड्रिघी यांचा बी२ हा प्रकल्प थंडावल्यावर मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी त्याचा फोर्क (त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प) करून २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली होती. बी२ जीपीएलखाली होता म्हणूनच हे कोणाचीही परवानगी न मागता करता आलं.

जीपीएलचा तोच हक्क २००५ मध्ये पुन्हा कामी आला. मॅम्बो या सीएमएसची मालकी सांगणाऱ्या कंपनीने स्थापन केलेल्या फाउंडेशनची रचना मूळ डेव्हलपरना पटली नाही. ऑगस्टमध्ये ते सगळे बाहेर पडले आणि सप्टेंबरमध्ये तोच कोड जुमला १.० या नावाने आला. नाव स्वाहिलीतल्या ‘जुमला’वरून, अर्थ ‘सगळे मिळून’.

परवाना कितीही चांगला असला तरी अपग्रेड मोडलं तर लोक टिकत नाहीत, हे पुढच्या दशकात दिसलं. जुमला १.५ ची साइट १.६ मध्ये सरळ नेता येत नव्हती. नवीन आवृत्ती वेगळी बसवायची, मजकूर मायग्रेशनच्या साधनाने ओढायचा, टेम्पलेट दुरुस्त करायचं आणि प्रत्येक एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती आहे का ते शोधायचं. ती नसेल तर काम तिथेच थांबे. ड्रुपलचं दुखणं आणखी खोल होतं. नोव्हेंबर २०१५ चं ड्रुपल ८ सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या घटकांवर आणि ट्विग टेम्पलेटवर नव्याने उभारलं होतं. तांत्रिकदृष्ट्या ते योग्य पाऊल होतं, पण ड्रुपल ७ चं प्रत्येक मॉड्यूल आणि थीम पुन्हा लिहावी लागली. परिणामी ड्रुपल ७ चा आधार बंद करण्याची तारीख पुनःपुन्हा पुढे ढकलत शेवटी ५ जानेवारी २०२५ वर आली. ज्यांना ७ चीच घडण हवी होती त्यांनी बॅकड्रॉप हा फोर्क काढला. ड्रुपलने धडा मात्र नीट घेतला: जून २०२० चं ९.० म्हणजे ८.९ मधून कालबाह्य ठरवलेला कोड काढून टाकलेली आवृत्ती. आधी ८.९ वर कोड साफ करून ठेवला असेल तर पुढची उडी किरकोळ ठरते.

वर्डप्रेसने उलट टोक गाठलं. पीएचपी ५.२ चा आधार जानेवारी २०११ मध्ये संपला होता, तरी वर्डप्रेस त्यावर मे २०१९ पर्यंत चालत राहिलं. जुनं मोडू द्यायचं नाही या हट्टामुळेच ते एवढं पसरलं असं माझं मत आहे, आणि त्याचीच किंमत डेटाबेसमध्ये दिसते.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर न्यायची आहे, म्हणून कोणी थेट एसक्यूएलने सगळीकडे पत्ता बदलतं. लेख नीट दिसतात, पण विजेट आणि थीमच्या सेटिंग गायब. कारण अशा सेटिंग पीएचपीच्या सिरियलाइज स्वरूपात साठवलेल्या असतात आणि त्यात प्रत्येक मजकुरापुढे त्याची बाइटमधली लांबी लिहिलेली असते. ‘एस’ वाढल्याने पत्ता एका बाइटने लांबतो, लांबीचा आकडा जुनाच राहतो, पीएचपी तो डेटा वाचायला नकार देते आणि सेटिंग रिकामी धरली जाते. म्हणून आधी बॅकअप घ्यावा आणि बदल डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाच्या सर्च-रिप्लेस आज्ञेने करावा; ती डेटा उलगडून, बदलून, लांबी नव्याने मोजून परत लिहिते. पहिल्यांदा ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) चालवला की किती ठिकाणी बदल होणार ते आधीच कळतं.

मजकूर अडकण्याचा दुसरा प्रकार पेज बिल्डरमुळे, म्हणजे पानाची मांडणी करून देणाऱ्या साधनांमुळे, आला. शॉर्टकोडवर चालणारा बिल्डर काढून टाकला की पानभर चौकटी कंसातला कोड उघडा पडतो. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० सोबत आलेल्या गुटेनबर्ग एडिटरने ब्लॉकची माहिती एचटीएमएल कॉमेंटमध्ये ठेवली, ती याचसाठी उपयोगी ठरते: एडिटर काढला तरी परिच्छेद, चित्रं जागेवर राहतात, कारण ब्राउझर कॉमेंट दाखवत नाही. मात्र सर्व्हरवर तयार होणारे डायनॅमिक ब्लॉक, उदाहरणार्थ ताज्या लेखांची यादी, नुसती कॉमेंटच मागे ठेवतात. त्यामुळे ते दिसेनासे होतात. हा एडिटर नको असलेल्यांनी क्लासिकप्रेस नावाचा फोर्क काढला.

सुरक्षेनेही दिशा ठरवली. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७.३२ ने डेटाबेस थरातलं एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरून घुसवलेल्या आज्ञा डेटाबेसवर चालवू देणारं) भोक बुजवलं. दुरुस्ती जवळजवळ एका ओळीची होती. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितलं की घोषणेनंतर सात तासांच्या आत पॅच न लावलेली साइट फोडली गेली असंच धरून चाला. हाताने अपडेट करणाऱ्यांना सात तास म्हणजे काहीच नाहीत. वर्डप्रेसने ३.७ मध्ये, ऑक्टोबर २०१३ ला, छोट्या सुरक्षा आवृत्त्या आपोआप बसवायला सुरुवात केली होती, आणि तिचं मोल २०१७ मध्ये कळलं. ४.७ मधल्या रेस्ट एपीआयमध्ये (बाहेरच्या प्रोग्रामना साइटशी बोलू देणारा भाग) लेखाच्या क्रमांकाला अक्षरं चिकटवून पाठवली की परवानगी तपासणाऱ्या भागाला तसा लेखच सापडत नसे, म्हणून तो अडवत नसे. पुढचा भाग अक्षरं गाळून खरा लेख बदलून टाकायचा. आपोआप अपडेट चालू असलेल्या साइट ४.७.२ वर गेल्या आणि वाचल्या. ते बंद ठेवलेल्या साइटची पानं मोठ्या संख्येने विद्रूप झाली.

हल्ल्याची जागाच कमी करावी या विचाराने स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार केलेल्या पानांच्या, साइटकडे लोक परत वळले. परत, कारण मूव्हेबल टाइपही पानं आधीच तयार करून ठेवत असे. २००८ चा जेकिल आणि २०१३ चा ह्यूगो मजकूर साध्या फाइलमध्ये ठेवतात. सर्व्हरवर पीएचपीही नाही, डेटाबेसही नाही. शोध, प्रतिक्रिया आणि फॉर्म यांची सोय मात्र बाहेरून करावी लागते, आणि बिनतांत्रिक संपादकाला गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) समजावणं हे खरं अवघड काम. मधला मार्ग म्हणून हेडलेस पद्धत रुजली: संपादन स्ट्रापीसारख्या सीएमएसमध्ये, दर्शनी बाजू वेगळी. त्यात प्रकाशनापूर्वीचा प्रीव्ह्यू स्वतः बांधावा लागतो. अंदाजपत्रकात तो हमखास विसरला जातो.

सप्टेंबर २०२४ मध्ये एक वेगळाच कच्चा दुवा उघडा पडला. वर्डप्रेस डॉट ऑर्ग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातल्या वादात त्या कंपनीचा अपडेट सर्व्हरशी संपर्क तोडला गेला, आणि तिच्या ग्राहकांना प्लगइनचे नेहमीचे अपडेट मिळेनासे झाले. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने तो पूर्ववत करावा लागला. कोड जीपीएलखाली, पण तो पोचवणारा सर्व्हर एकाच्या हाती, ही स्थिती आधीपासूनच होती. जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जाहीर झालेला फेअर हा प्रकल्प प्लगइन आणि थीम अनेक स्वतंत्र सर्व्हरवरून मिळाव्यात यासाठी आहे.