धावते समालोचन : पुणे आकाशवाणी आणि क्रीडाप्रसारण

मैदानावर सामना चालू असताना तो न पाहणाऱ्या श्रोत्यासाठी ध्वनिक्षेपकावरून केलेल्या अखंड, तात्काळ वर्णनाला धावते समालोचन किंवा धावते वर्णन म्हणतात. केवळ क्रीडेला वाहिलेले नभोवाणी केंद्र पुण्यात उभे राहिले नाही. येथील क्रीडाप्रसारणाचा इतिहास हा शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, शास्त्रीय संगीत, बातम्या आणि श्रुतिका यांच्यामधून खेळासाठी काढलेल्या वेळेचा इतिहास आहे. तरीही त्या उसन्या वेळेत मराठीला खेळाची एक संपूर्ण परिभाषा रुळवता आली आणि या विषयाचे खरे महत्त्व तिथेच आहे.

भारतात क्रिकेटचे धावते वर्णन रूढ झाले ते मुंबईत. १९३४ पासून चौरंगी स्पर्धेतील (युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम या चार संघांच्या क्रिकेट स्पर्धेतील) सामन्यांचे वर्णन करणारे ए. एफ. एस. तल्यारखान हे या कलेचे आद्य पुरुष मानले जातात. ते दिवसभर एकट्याने बोलत आणि दुसऱ्या समालोचकाबरोबर ध्वनिक्षेपक वाटून घेण्यास तयार नसत. ही सारी परंपरा इंग्रजी होती आणि तिचा श्रोताही जिमखान्यांच्या आसपास राहणारा होता. पुण्याला तेव्हा स्वतःचे केंद्र नव्हते. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ या तेव्हाच्या विक्रमासाठी त्यांना अवघ्या ९ धावा कमी पडत होत्या, पण उपाहाराच्या वेळी प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. पुण्यातील क्रिकेटचा हा सर्वांत मोठा डाव शहराला आकाशवाणी केंद्र मिळण्याच्या पाच वर्षे आधीच होऊन गेला.

पुणे केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. शिवाजीनगर येथील या केंद्राचे मुख्य प्रसारण मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ या कंप्रतेवरून ऐकू येते. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने प्रवास करतात आणि रात्री आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन फार दूरवर, पण चढउतारांसह पोहोचतात. क्रिकेट हा त्या काळी पूर्णपणे दिवसाचा खेळ असल्याने ही मर्यादा त्याच्या पथ्यावरच पडली. जवळच्या जिल्ह्यांतही दुपारचा आवाज स्थिर राही. मैदानातील कक्षापासून केंद्रापर्यंत आवाज दूरध्वनीच्या आरक्षित तारेने आणला जाई. ती तार तुटली की निवेदक दिलगिरी व्यक्त करून तबकडी लावत असे, आणि वर्णन परत जोडले जाईपर्यंत श्रोत्याला भावगीत ऐकत गडी बाद झाला की नाही याचा अंदाज बांधत बसावे लागे.

कसोटी सामन्यांचे राष्ट्रीय प्रसारण आळीपाळीने इंग्रजी आणि हिंदीतून होत असे. मराठीला जागा मिळाली ती प्रादेशिक पातळीवर. मराठी समालोचनाचे नाव ज्यांच्याशी कायमचे जोडले गेले ते बाळ ज. पंडित (१९२९–२०१५) हे पुण्याचे आणि स्वतः महाराष्ट्राकडून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेले. मुंबईच्या बाजूने वि. वि. करमरकर यांनी वृत्तपत्राच्या क्रीडापानाइतकेच ध्वनिक्षेपकावरूनही मराठीला खेळाविषयी बोलते केले.

हे बोलणे सोपे नव्हते. फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, नाणेफेक, निर्धाव षटक, अवांतर धावा हे शब्द आज शाळकरी मुलगाही वापरतो, परंतु ते वृत्तपत्रे आणि आकाशवाणी यांच्या देवघेवीतून घासले गेले आहेत. कागदावर चालणारा शब्द ध्वनिक्षेपकावर चालेलच असे नाही. चेंडू सीमारेषेकडे धावत असताना पाच-सहा अक्षरांचा तत्सम शब्द उच्चारून पूर्ण होईपर्यंत चौकार होऊन जातो. म्हणून जे शब्द जिभेवर चटकन बसले तेच टिकले, आणि स्लिप, गुगली, यॉर्कर यांना कोणी हात लावला नाही. बाद होण्याचे प्रकार विशेष पाहण्यासारखे आहेत. त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावचीत यांतील ‘चीत’ सरळ कुस्तीच्या आखाड्यातून आलेला आहे. इंग्रजांचा खेळ मराठीने तालमीच्या भाषेत समजून घेतला, असे म्हणायला हरकत नाही. त्रिफळ्याला वैद्याच्या चूर्णाची आठवण चिकटलेली असूनही तो शब्द रुळला, हे मराठी श्रोत्याच्या विनोदबुद्धीचेच लक्षण मानावे. ‘षटक’ या शब्दाने मात्र एकदा अडचण केली. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत एका षटकात आठ चेंडू टाकले जात, त्यामुळे भारताच्या १९७७-७८ च्या दौऱ्याविषयी मराठीत बोलताना आठ चेंडूंचे षटक अशी सहाला आठ म्हणणारी रचना करावी लागे.

चांगल्या समालोचकाची पहिली कसोटी वर्णनशैली नसून शिस्त असते. ज्याने नुकताच रेडिओ लावला त्याला धावसंख्या, बाद झालेले गडी, खेळपट्टीवरील दोन फलंदाज आणि गोलंदाज इतके प्रत्येक षटकानंतर, शक्यतो त्याच क्रमाने, कळले पाहिजे. गोलंदाजाने धाव सुरू केल्यावर जुनी आठवण सांगत बसणाऱ्याला श्रोते क्षमा करीत नाहीत, कारण टाळ्यांचा कडकडाट त्यांना आधी ऐकू येतो आणि कारण मागून कळते. क्रिकेट या कामाला सोयीचे आहे, कारण दोन चेंडूंमध्ये श्वास घ्यायला सवड मिळते. खो-खो तसे नाही. या खेळाचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्याच डेक्कन जिमखान्याने बांधले, पण आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करणारा आणि दर काही सेकंदांना मिळणारा खो, हे सारे शब्दांनी गाठणे जवळपास अशक्य असते. तिथे समालोचक खेळाच्या मागे धावतो आणि बहुधा बाद होतो.

श्रवणाची बाजूही नोंदवण्याजोगी आहे. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि त्याचे शुल्क भरून नूतनीकरण करावे लागे. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर सामना घरातून बाहेर पडला. पेठांमध्ये दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या संचाभोवती माणसे उभी राहत आणि कुणीतरी फळ्यावर खडूने धावसंख्या लिहून ती दर षटकाला पुसत असे. १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यात मुंबई दूरदर्शनचे चित्र दिसू लागले. त्यानंतरही दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून रेडिओचे वर्णन ऐकणारे अनेक होते. नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून विश्वचषकातील सामना ७३ धावांनी जिंकला, तेव्हा मात्र पुणे शहर मुख्यतः चित्रवाणीचे प्रेक्षक झालेले होते.

स्वतंत्र क्रीडावाहिनी का निघाली नाही, याचे उत्तर श्रोत्यांच्या आवडीत नसून कायद्यात आहे. १९९३ च्या हीरो चषक या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची मक्तेदारी नसल्याचा निर्णय दिला. म्हणजे खासगी नभोवाणीचे दार क्रिकेटनेच उघडले, पण आत क्रिकेटला प्रवेश मिळाला नाही. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी राहिली. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या २०११ च्या धोरणाने खेळांविषयी माहिती देण्यास मुभा दिली, परंतु थेट वर्णन त्यातून वगळले आणि केवळ स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांचा अपवाद ठेवला. ज्या सामन्यांना जाहिरातदार मिळतो ते निषिद्ध आणि ज्यांना मिळत नाही ते खुले, अशी ही विभागणी आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रसारण आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला उपलब्ध करून द्यावे लागते आणि नभोवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा किमान निम्मा असतो, त्यामुळे मोठे सामने आकाशवाणीकडेच राहिले. पुण्यातील सामुदायिक केंद्रे, उदाहरणार्थ विद्यापीठाची विद्यावाणी, १०० वॅटच्या आसपासच्या शक्तीवर काही किलोमीटरपुरतीच ऐकू येतात.

गल्लीतील टेनिस चेंडूच्या स्पर्धांना आता ध्वनिवर्धकावर आणि यूट्यूबवर स्वतःचे निवेदक मिळाले आहेत. त्यांचे मराठी बाळ पंडितांच्या मराठीपेक्षा मोकळे आणि अधिक इंग्रजाळलेले आहे, मात्र षटकार अजून षटकारच आहे. २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएलचे मराठी समालोचन सुरू केले. त्यात बोलणारा पुण्याचा केदार जाधव स्पर्धा चालू असतानाच बंगळुरूच्या संघात बदली खेळाडू म्हणून घेतला गेला आणि ध्वनिक्षेपक ठेवून मैदानावर परतला.