उंडीचं पान आणि कोचीचे तीन वैद्य

उंडी कशी दिसते हे वेंगुर्ल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या बियांच्या कडू तेलावर इथले दिवे जळत आले. पान उजेडासमोर धरलं की मधल्या शिरेपासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक शिरा एकमेकींना खेटून गेलेल्या दिसतात. असंच एक पान हातात घेऊन मी संगणकावर ‘होर्तुस मलबारिकुस’चा चौथा खंड उघडला. तिथे ‘पोन्ना’ नावाने उंडीच बसली होती! ओळखायला नाव वाचावंच लागलं नाही.

मलबारातला डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने करवून घेतलेला हा ग्रंथ अॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत छापला गेला. त्यात सुमारे ७४० वनस्पती आणि जवळजवळ ८०० चित्रं आहेत.

झाडांची माहिती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांनी दिली, तशीच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांनीही. हे तिघे कोचीचे कोंकणी वैद्य. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या समाजातले. त्यांची कोंकणीतली साक्ष पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापली आहे. छापील नागरीच्या अगदी जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. माहिती देणाऱ्यांची नावं गाळण्याच्या त्या काळात ही नावं ग्रंथात आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चित्रांसारखीच ही साक्षही तांब्यावर कोरलेली. कारागीर टोकदार पोलादी हत्याराने पत्र्यावर रेघ खणतो, तिच्यात शाई भरतो, वरची शाई पुसून टाकतो आणि ओलसर कागद जोरात दाबतो. खाचेतली शाई कागदावर उठते, पण उलटी. म्हणून सगळं आरशातल्यासारखं कोरावं लागतं, अक्षरंसुद्धा. नागरी वाचता न येणाऱ्या हातांनी आपली वेलांटी आणि काना उलटे कोरले, पानाच्या शिरा कोराव्यात तसे. ती अक्षरं मी मोठी करून कितीदा पाहिली आहेत!

पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देताना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. त्याने भरवसा ठेवलेल्या मोजक्या ग्रंथांत हा एक होता. कितीतरी झाडं त्याने कधी पाहिलीही नव्हती. सुकवलेला नमुना नसेल तिथे चित्रच नमुना ठरलं, आणि नावाबद्दल वाद झाला की अभ्यासक आजही त्या चित्राकडे जातात. १२ खंडांचं इंग्रजी भाषांतर मात्र २००३ साली आलं, वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली काही दशकं त्यात घातली तेव्हा.

व्हान रीडला शेवटचे खंड छापलेले बघायला मिळाले नाहीत. डिसेंबर १६९१मध्ये कोचीहून सुरतेला जाताना, कोकण किनारा मागे टाकून जहाज मुंबईजवळ आलं असता तो वारला. त्याला सुरतेत पुरलं. बारावा खंड त्यानंतर दोन वर्षांनी निघाला.