हार्ड डिस्क बंद पडली? आधी प्लग काढा, मग हे वाचा

बंद पडलेली डिस्क काउंटरवर ठेवताना प्रत्येक जण विचारतो, "ही चालू होईल का हो?" लग्नाचे फोटो असोत की पाच वर्षांचे टॅलीचे हिशेब, आम्ही आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. एकदा दगा दिलेली डिस्क पुन्हा रोजच्या कामाला लावू नये. आतला डेटा उतरवून घेण्यापुरती ती चालेल का, एवढंच आम्ही तपासतो.

तपासणी सुरू होते कानाने. डिस्क लावल्यावर ठरावीक लयीत टक-टक आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा हेड, म्हणजे आतल्या तबकडीवरचा डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, बिघडलेलं असतं. डेस्कटॉपच्या डिस्कमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला 7,200 फेरे घेते आणि हेड तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. धुळीचा साधा कणही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. बिघडलेलं हेड तबकडीवर घासलं की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि तिथला डेटा कोणीही परत आणू शकत नाही. म्हणून "अजून एकदा लावून बघू" असं कृपया करू नका. डिस्क हातातून पडली असेल, तर एकदाही लावू नका.

आवाजच येत नसेल तर लोक जास्त घाबरतात. खरं तर तेव्हा आशा अनेकदा जास्त असते, कारण दोष फक्त खालच्या सर्किट बोर्डात असू शकतो. नेहमीचं उदाहरण सांगतो. टेबलावर ठेवायच्या मोठ्या एक्स्टर्नल डिस्कला 12 व्होल्ट लागतात. पिन बसते म्हणून कोणीतरी लॅपटॉपचा 19 व्होल्टचा ॲडॉप्टर लावतं. अशा वेळी बोर्डावरचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि पुष्कळदा बाकीची डिस्क वाचते. मल्टिमीटर लावला की हे लगेच कळतं. मात्र त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून नुसता बसवला, तर आजच्या बहुतेक डिस्क चालत नाहीत. प्रत्येक डिस्कच्या स्वतःच्या जुळणीची माहिती बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते. ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डावर न्यावी लागते.

डिस्क फिरते, कॉम्प्युटरला दिसतेही, पण फोल्डर उघडायला दहा मिनिटं लागतात किंवा विंडोज "फॉरमॅट करा" म्हणतं? नाही म्हणा. चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रामही चालवू नका. ते डिस्कवर लिहितं आणि आजारी डिस्कला आणखी दमवतं. आम्ही स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे खराब म्हणून बदललेल्या आणि वाचायला अडणाऱ्या जागांचे, आकडे बघतो, मग डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर तिची नक्कल उतरवतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग घेतो आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळतो. फायली शोधायचं काम त्या नकलेवरच होतं. मूळ डिस्कवर आम्ही एक अक्षरही लिहीत नाही.

फ्रीजरचा उपाय अजूनही सांगितला जातो. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आपल्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. हे करू नका.

आमच्याकडे क्लीन रूम (धूळमुक्त खोली) नाही, त्यामुळे डिस्कचं झाकण आम्ही दुकानात उघडत नाही. हेड बदलायची गरज दिसली तर तसं स्पष्ट सांगतो, आणि तुमची संमती मिळाल्यावरच डिस्क लॅबकडे पाठवतो. वॉरंटी असेल तर लक्षात घ्या, ती सहसा फक्त डिस्क बदलून देते, डेटा नाही.

येताना घडलं ते सगळं सांगा: पडली, पाणी गेलं, आधी कोणी खोलून पाहिली. आम्ही रागावणार नाही. त्यावरून पहिलं पाऊल ठरतं. बिटलॉकर (विंडोजची डेटा कुलूपबंद करायची सोय) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा, तिच्याशिवाय नक्कल पूर्ण मिळूनही फायली उघडणार नाहीत. एक्स्टर्नल डिस्क तिच्या डबीतून काढू नका. काहींमध्ये डबीतला छोटा बोर्डच डेटा कुलूपबंद करतो. आणि स्कूटरच्या डिकीत सुटी टाकून आणू नका. जाड टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवून आणा.