पांढरा पास्ता: व्हाइट सॉस आणि आल्फ्रेडो

अनेक कॅफेंच्या मेनूकार्डावर व्हाइट सॉस पास्ता आणि आल्फ्रेडो ही नावे एकाच पदार्थाला दिलेली आढळतात. दोन्ही पांढरे, दोन्ही लोण्याचे आणि दोन्हींत चीज असल्यामुळे ही गल्लत स्वाभाविक आहे. परंतु एकाची कृती समोर ठेवून दुसरा करायला घेतला, की चीजच्या गोळ्या तरी हाती येतात किंवा तुपाचा तवंग तरी.

आपल्या घरी होणारा व्हाइट सॉस म्हणजे फ्रेंच परंपरेतला बेशामेल. इटलीतही तो आहे, पण तिथे तो प्रामुख्याने लझान्यासारख्या भट्टीत भाजायच्या पदार्थांत जातो. दोघांसाठी दोनशे ग्रॅम पास्ता धरला, तर 25 ग्रॅम लोण्यात तितकाच मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परतावा. त्याचा कच्चा वास जायला हवा, मात्र बेसनाच्या लाडवासारखा रंग येता कामा नये. मग 400 मिलिलिटर दूध थोडे थोडे घालत फेटणीने ढवळत राहावे. मैद्यातल्या स्टार्चचे कण उकळीच्या जवळ आल्यावरच पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सुरुवातीला पातळ वाटले तरी आणखी मैदा घालण्याची घाई करू नये. सॉस पळीवाढा असतानाच गॅस बंद करावा, कारण निवताना तो घट्ट होतोच. चवीला किसलेले जायफळ, मिरपूड आणि चीज घालावे. चीज खारट असल्याने मीठ सर्वांत शेवटी.

आल्फ्रेडोची गोष्ट रोममधली. आल्फ्रेडो दि लेलिओ यांनी 1914 मध्ये व्हिया देल्ला स्क्रोफा या रस्त्यावर आपले रेस्टॉरंट उघडले आणि लोणी व पार्मेजान चीज यांत घोळलेली फेतुचिने, म्हणजे लांब चपट्या पट्ट्यांचा पास्ता, तिथे गाजली. मूकपटांचे तारे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांना ती इतकी आवडली, की त्यांनी दि लेलिओ यांना सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. या मूळ पदार्थात मैदा नाही, दूध नाही आणि क्रीमही नाही. क्रीम आले ते अमेरिकेत, आणि आपल्याकडे पोहोचला तो बहुतांशी हाच अमेरिकन अवतार.

मग मैद्याविना तो दाट कसा होतो? कढीला बेसन लावले नाही तर ताक फाटते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. चीजमधल्या प्रथिनांचेही तसेच आहे: जास्त उष्णतेत ती आकसून गोळा होतात आणि स्निग्धांश बाहेर पडतो. व्हाइट सॉसमध्ये हे टाळण्याचे काम मैदा करतो, तर आल्फ्रेडोत पास्ता शिजताना पाण्यात उतरलेला स्टार्च. म्हणून हे पाणी मोरीत ओतून देणे आणि शिजलेला पास्ता नळाखाली धुणे, या दोन्ही सवयी इथे घातक ठरतात. पास्ता नेहमीपेक्षा जरा कमी पाण्यात, नेहमीपेक्षा एक मिनिट कमी शिजवून वाटीभर पाणी बाजूला काढावे. गरम पास्त्यावर 60 ग्रॅम लोणी आणि पळीभर ते पाणी घालून परतावे, गॅस बंद करावा, आणि मगच 80 ग्रॅम बारीक किसलेले पार्मेजान मुठीमुठीने घालत जोराने हलवावे. पाणी लागेल तसे वाढवावे. मोजून तीन-चार मिनिटांचे काम आहे, पण त्यात फोन घेता येत नाही.

चीजबाबत शाकाहारी वाचकांनी सावध राहावे: अस्सल पार्मेजानो रेज्जानोमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, वापरले जाते, तेव्हा पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावे. फ्रिजमधला प्रोसेस्ड चीजचा क्यूब व्हाइट सॉसमध्ये सुरेख विरघळतो, कारण त्यात तेवढ्यासाठीच क्षार मिसळलेले असतात. आल्फ्रेडोत मात्र पार्मेजानची मुरलेली, खमंग चव तो देऊ शकत नाही, आणि ही चवच तर तिथे सर्वस्व आहे.

घरातली माणसे वेगवेगळ्या वेळी जेवणार असतील, तर माझे मत निःसंशय व्हाइट सॉसच्या बाजूने आहे. त्यात मटार, मका, ढोबळी मिरची सामावतात आणि उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी थोडे दूध घालून गरम करता येतो. आल्फ्रेडो करायचा, तर खाणाऱ्यांना आधी पानावर बसवावे आणि मग गॅस पेटवावा.