रक्तप्रवाह-निर्बंधन (वेगधाव प्रशिक्षणातील)

मांडीच्या किंवा दंडाच्या मुळाशी हवेने फुगणारा पट्टा आवळून, धमन्यांतून येणारे रक्त अंशतः आणि नीलांतून परतणारे रक्त बहुतांशी अडवून केलेला व्यायाम. खेळाडूंत तो ‘बीएफआर’ (ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन) या संक्षेपाने ओळखला जातो.

या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः जपानचे योशिआकी सातो यांना देतात. सुमारे १९६६ मध्ये एका बौद्ध विधीत गुडघे मुडपून बराच वेळ बसल्यावर पोटऱ्यांत आलेला ताठरपणा व्यायामानंतरच्या ताठरपणासारखा भासला आणि त्यातून ‘काआत्सु’ पद्धत सुचली, ही हकीकत मुख्यतः त्यांच्याच निवेदनावर आधारलेली आहे. मात्र रक्त अडवणे आणि व्यायाम यांची सांगड शरीरक्रियाविज्ञानात त्याहून जुनी आहे. आलम व स्मर्क या संशोधकांनी १९३७ मध्ये व्यायामानंतर पट्टा आवळलेला ठेवल्यास वाढलेला रक्तदाब पूर्णपणे उतरत नाही, असे दाखवले होते. त्यामुळे सातो यांना मूळ कल्पनेपेक्षा प्रशिक्षणपद्धतीच्या घडणीचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक ठरते.

रक्त अडवल्याचा स्नायूंवरील परिणाम पाहण्यासाठी त्यांतील ऑक्सिजनची पातळी त्वचेवर बसवलेल्या उपकरणाने, सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून अजमावतात. या तंत्राचा पाया फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये घातला. मिळणारा आकडा ऑक्सिजनचा पुरवठा व वापर यांमधील तोल दाखवतो, निव्वळ वापर नव्हे. शिवाय हीमोग्लोबिन (रक्तातील ऑक्सिजनवाहक प्रथिन) व मायोग्लोबिन (स्नायूंतील ऑक्सिजन धरणारे प्रथिन) यांचे संकेत त्यात वेगळे करता येत नाहीत आणि त्वचेखालील मेदाचा थर जाड असल्यास संकेत क्षीण होतो. पट्ट्याखाली रक्त साचून एकूण हीमोग्लोबिनही वाढत असल्याने, ऑक्सिजनची घसरण म्हणजे स्नायूने अधिक काम केले, असा अर्थ लावणे घाईचे होईल.

पूर्ण जोराच्या धावेत ही पातळी पहिल्या काही सेकंदांतच उतरते. दोन धावांमधील विश्रांतीत ती सावरते, आणि फॉस्फोक्रिएटिनची (स्नायूंतील झटपट ऊर्जेच्या साठ्याची) पुनर्निर्मिती याच ऑक्सिजनवर अवलंबून असते. विश्रांतीतही पट्टा आवळलेला राहिला, तर पुढील धावेची शक्ती घटते. म्हणजे चयापचयी ताण वाढतो, पण गतीचा सराव मंदावतो. हा पेच टाळण्यासाठी प्रत्येक जोरदार प्रयत्न संपल्यावरच काही काळ रक्त अडवण्याचा आणि पुढील प्रयत्नापूर्वी पट्टा सैल करण्याचा मार्ग काही संशोधकांनी निवडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सरावलेल्या सायकलपटूंवरील चार आठवड्यांच्या अशा प्रयोगात कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता सुमारे ४.५ टक्के वाढली, तरी १५ किलोमीटर शर्यतीचा वेळ सुधारला नाही.

दाब सहसा त्या व्यक्तीच्या धमनीरोधक दाबाच्या (धमनीतील प्रवाह पूर्ण थांबवण्यास लागणाऱ्या दाबाच्या) ४० ते ८० टक्के ठेवतात. पट्टा अरुंद असल्यास रक्त अडवण्यास अधिक दाब लागतो. पूर्वी नीलांत रक्ताची गुठळी झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही पद्धत वापरू नये.