वेळेवर कर्ज फेडलं, ते चुकलं का?

कर्जमाफीची घोषणा झाली की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात दोन सूर ऐकू येतात. वादळानं ज्याची उभी बाग आडवी केली, त्याचं कर्ज माफ व्हायलाच हवं, असं एक जण म्हणतो. दुसरा विचारतो, "बायकोचं सोनं गहाण ठेवून मी सोसायटीचं कर्ज भरलं. मंग आमनं काय चुकनं?"

पहिला दयाळू आणि दुसरा स्वार्थी, असं मला अजिबात वाटत नाही. दोघंही न्यायच मागताहेत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या नैतिक जाणिवांची जी मांडणी केली, तिच्यात 'न्याय' आधी एकच होता. 2023 मध्ये मोहम्मद अतारी, हाइट आणि इतरांनी त्याचे दोन भाग केले: सगळ्यांना सारखं, आणि ज्याच्या त्याच्या कष्टाप्रमाणे.

यातली कुठली जाणीव कधी जागी होते? नॉर्वे आणि अमेरिकेतल्या लोकांवरचा एक प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन कामगारांपैकी एकालाच सगळी मजुरी मिळाली होती; ती तशीच ठेवायची की वाटायची, हे तिऱ्हाइतानं ठरवायचं. मजुरी नशिबानं मिळाली असेल तर ती वाटून देण्याकडे नॉर्वेकरांचा कल अमेरिकनांपेक्षा बराच जास्त होता. जास्त काम करून मिळाली असेल, तर दोन्ही देशांत विषमता अधिक खपवून घेतली गेली. अर्थतज्ज्ञ क्रिस्टिना फाँग यांनी 2001 मध्ये अमेरिकेतल्या सर्वेक्षणावरून दाखवलं, की सरकारनं गरिबांना मदत करावी की नाही हे मत स्वतःच्या कमाईवरूनच ठरत नाही. गरिबी नशिबानं येते की आळसानं, या समजुतीचा त्यात मोठा वाटा असतो.

म्हणूनच गारपिटीच्या भरपाईसाठी मोर्चात पुढे असणारा शेतकरी थकबाकीदाराच्या माफीवर चिडू शकतो. गार आभाळातून पडते. थकबाकी मात्र त्याला माणसाची करणी वाटते. सरकारांनाही हे उमगलेलं दिसतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या कर्जमाफी योजनेत दीड लाखापर्यंत माफी होती, तर नियमित फेडणाऱ्याला 25 हजारांपर्यंत रक्कम. 2019 च्या योजनेत हेच आकडे दोन लाख आणि 50 हजार झाले.

धुळ्याकडं पांझरा नदीकाठच्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे शेतांचे गट (फड) करून पाणी वाटून घेण्याच्या रीतीत, नशीबच वाटून घेतलेलं असतं. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी सोडणार पाटकरी. उसाचा फड आळीपाळीनं बदलतो. पाणी कमी असलं की कुठला फड कोरडा ठेवायचा, हे शेतकरी मिळून ठरवतात.