बग्गीचा शॉकअप सगळ्यात शेवटी घ्या

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की ओळखीतल्या कुणाच्या तरी पोराचा फोन येतो, "दादा, बाहाच्या गाडीला मागे कुठला शॉकअप टाकू?" मी उलटं विचारतो की बाबा रे, तुझं मागचं चाक वर किती जाणार आणि खाली किती लोंबणार, आणि मग पलीकडे शांतता. शॉकअप मात्र तोवर ऑनलाइन बघून ठेवलेला असतो, कधीकधी तर घेऊनच टाकलेला असतो. आमच्या टीमनेही हेच केलं होतं म्हणून मला राग येत नाही, फक्त हसू येतं.

ज्यांना बाहा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनिअरिंगची पोरं स्वतः पाईप वाकवून, वेल्डिंगचे टाके मारून एका माणसाची बग्गी बनवतात आणि मातीत, दगडात, चढावर पळवतात. 1976 साली अमेरिकेत साऊथ कॅरोलायना विद्यापीठात ही स्पर्धा सुरू झाली, आपल्याकडे 2007 पासून, इंदूरजवळ पीथमपूरला. नाव आलं मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या लांबलचक वाळवंटी पट्ट्यावरून. तिथे 1967 मध्ये पहिली मेक्सिकन 1000 रेस झाली आणि ती जिंकली फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांवर बनवलेल्या मेयर्स मँक्स नावाच्या बग्गीने, 27 तास 38 मिनिटांत. आमच्या वेळी सगळ्या टीमना इंजिन सारखंच, 305 सीसीचं, 10 हॉर्सपॉवरचं. म्हणजे इंजिनाच्या जोरावर कुणी कुणाच्या पुढे जाऊ शकत नाही, चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत जो खड्ड्यात कमी स्लो होतो तो पुढे. आणि ते ठरतं सस्पेन्शनवर, त्यातही मागच्या, कारण इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, ड्राईव्हही तेव्हा मागच्याच चाकांना, गाडीचं निम्म्याहून जास्त वजन तिथेच बसलेलं.

आधी बघू की चाकाला जागा कशाला पाहिजे. समजा गाडी उडी मारून एक मीटरवरून खाली आली. तिला थांबवायला सस्पेन्शनला 20 सेंटीमीटर मिळाले तर सरासरी जोर बसतो गाडीच्या वजनाच्या 6 पट. तेच 10 सेंटीमीटरच मिळाले तर 11 पट. हिशोब अगदी साधा आहे, पडण्याची उंची भागिले थांबायचं अंतर, अधिक एक. (टायर दबतो तो सोडून दिलाय, आणि सरासरी म्हणतोय, खरा झटका त्याहून वरच जातो.) झेल घेताना हात मागे ओढतो ना आपण, तेच. हा जोर शॉकअपच्या माउंटिंगच्या टाक्यांवर आणि ड्रायव्हरच्या मणक्यावर जातो, म्हणून ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वरखाली व्हायला मिळणारी जागा, ही चैन नाहीये.

पण जागा फक्त वर नको, खालीही पाहिजे. खड्डा आला की चाक खाली उतरून जमिनीला चिकटून राहिलं पाहिजे, हवेत लटकलेलं चाक ना ढकलतं ना ब्रेक लावतं. म्हणून ड्रायव्हर बसल्यावर गाडी एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश दबून उभी राहील असं आम्ही धरायचो. मग प्रश्न येतो ड्राईव्ह शाफ्टचा, कारण चाक जितकं वरखाली तितका सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा, वाकूनही फिरत राहणारा सांधा) वाकणार, आणि त्याला एक मर्यादा असते, त्यापुढे तो आवाज करतो आणि मग एके दिवशी आवाज करायचा थांबतो. म्हणजे ट्रॅव्हल किती ठेवायचा हे मुळात शॉकअप ठरवतच नाही, ते ठरवतो बिचारा सीव्ही जॉइंट.

आता चाक कुठल्या वाटेने वर जाणार. जुन्या बीटलला मागे स्विंग एक्सल होता, म्हणजे अख्खा अर्धा एक्सल गिअरबॉक्सपाशी एकाच सांध्यावर झुलायचा. भक्कम, स्वस्त, पण गाडी उडाली की चाकं खाली लोंबून फेंगडी व्हायची, आणि जोरात वळताना बाहेरचं चाक गाडीच्या बुडाखाली शिरून मागची बाजू वर उचलायचं. त्यामुळे डबल विशबोन (एकावर एक असे दोन आर्म) नाहीतर ट्रेलिंग आर्म, टीम बहुतेक या दोनात घोळत बसतात. विशबोनमध्ये चाकाचा झुकाव हवा तसा ठेवता येतो पण पिव्होट (फिरणारे सांधे) आणि ब्रॅकेट जास्त. ट्रेलिंग आर्म म्हणजे पुढे चॅसीला पिव्होट आणि मागे चाक, सुटकेस ओढतो तसं. त्यात मला आवडणारी गोष्ट अशी की पिव्होट चाकाच्या सेंटरपेक्षा वर ठेवला तर चाक वर जाताना आधी थोडं मागेही सरकतं, म्हणजे दगडाला छातीवर न घेता जरा मान झुकवून घेतं. चौकोनी कडेच्या दगडावर हा फरक बुडाला कळतो. फक्त एक बघा, वरखाली होताना मागच्या चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला फिरता कामा नयेत, नाहीतर सरळ रस्त्यावरही गाडी मागून वळवळते आणि ड्रायव्हर म्हणतो स्टिअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे, आणि सगळे पुढचं खोलत बसतात.

हे ठरलं की मग स्प्रिंग. आणि इथे मला सगळ्यात जास्त मजा येते.

स्प्रिंगवर वजन ठेवून सोडलं की ते एका ठराविक तालात वरखाली होतं, सेकंदाला किती वेळा ती फ्रीक्वेन्सी. आपण चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणून एक ते दोनच्या मधला ताल शरीराच्या सवयीचा आहे. गंमत म्हणजे हा ताल काढायला वजन माहीत असायची पण गरज नाही, फक्त गाडी स्वतःच्या वजनाने किती दबते ते मोजा. 5 ला त्या सेंटीमीटरच्या वर्गमुळाने भागा, आली फ्रीक्वेन्सी. 11 सेंटीमीटर दबली तर दीड, 6.2 दबली तर दोन. (मोजायचं स्प्रिंगवर काहीच दाब नसतो तिथपासून, आणि हवेच्या शॉकअपला हा फॉर्म्युला लागू नाही.)

मागचा ताल पुढच्यापेक्षा थोडा जलद ठेवायचा असतो. 1930 च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने जनरल मोटर्समध्ये हे नीट बसवून दाखवलं. कारण असं की उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. आमच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांत 1.4 मीटर अंतर, 30 च्या स्पीडला मागचं चाक 0.17 सेकंद उशिरा नाचायला लागतं. दोघांचा ताल एकच असला तर पुढचं खाली जातंय तेव्हा मागचं वर, आणि गाडी घोड्यासारखी डुलत राहते. मागचं थोडं जलद असलं की ते उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठतं आणि मग अख्खी गाडी एकत्र वरखाली होते, जे सहन होतं.

आता आकडे घालून बघू. मागच्या एका चाकावर, चाक-हब सोडून, समजा 52 किलो आहेत आणि ताल हवा दोनचा, तर चाकापाशी कडकपणा पाहिजे मिलिमीटरला 8.2 न्यूटन. पण स्प्रिंग चाकावर बसत नाही, ती आर्मच्या मध्ये कुठेतरी आतल्या बाजूला बसते, चाक 10 सरकलं की स्प्रिंग 6 च दबते. मग स्प्रिंग किती कडक? पोरं पटकन 0.6 ने भागतात. चूक! दोनदा भागायचं. पहार आठवा, तरफेमुळे एकदा जोर बदलतो आणि एकदा अंतर बदलतं, दोन्हीचा हिशोब लागतो. म्हणून 8.2 भागिले 0.36, म्हणजे जवळपास 23 न्यूटन. तीच स्प्रिंग अजून आत सरकवून 0.5 वर नेली तर 33 लागेल. ब्रॅकेट एक-दोन इंच हलवल्यावर स्प्रिंगच बदलायला लागते ती यामुळे.

आम्ही 23 ची स्प्रिंग काढली, 9 मिलिमीटर तारेची, आणि बनवायला दिली. दुकानात 9 ची तार नव्हती, त्यांनी 10 ची वापरली आणि वर कौतुकाने सांगितलं, "साहेब, जाडच दिलीय, तुटायची नाही." आम्हीही खूश. आता स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे फक्त एक मिलिमीटर जाड तार आणि स्प्रिंग दीडपट कडक, 23 च्या जागी 35. गाडी प्रत्येक उंचवट्यावर मागून लाथ मारायची, नाक जमिनीत. आम्ही दोन आठवडे डॅम्पिंगला, म्हणजे शॉकअपमधल्या तेलाच्या रोधाला, शिव्या घालत बसलो, शेवटी एका ज्युनिअरने स्प्रिंग वजनकाट्यावर ठेवून ड्रिल मशीनच्या स्पिंडलने 20 मिलिमीटर दाबली. काटा 47 किलोच्या आसपास दाखवायला हवा होता, दाखवले 71. दुकानदाराची चूक होतीच, पण मोजून न घेणारे शहाणे आम्हीच.

याच दोन आठवड्यांत आम्ही अजून एक वेडेपणा केला, प्रीलोडची रिंग ढिली केली की स्प्रिंग मऊ होईल म्हणून. डबलसीट घाट चढायचा असला की आपण गॅरेजवाल्याला म्हणतो ना, मागचा शॉकअप टाईट करून दे, तीच रिंग. पण त्याने साधी स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही हो, फक्त गाडी वर-खाली बसते. मिलिमीटरला 35 न्यूटन ते 35 च राहतात.

हवेच्या शॉकअपचं वेगळं आहे, त्यात पंप मारून खरंच कडकपणा बदलतो, वजनालाही हलका. आणि त्याचा स्वभावच असा की दबत गेला तसा जास्त कडक होत जातो, आतली हवा निम्म्या जागेत कोंबली की दाब दुप्पट, आणि झटक्यात कोंबली तर अडीचपटीच्याही वर, कारण हवा तापते. उडीसाठी हे झकास, शेवटी आपोआप घट्ट होतो. पण सील गेलं की गाडी बसली.

आता डॅम्पिंग. स्प्रिंगने घेतलेली ताकद ती परत देणारच, शॉकअपमधलं तेल बारीक भोकांतून ढकलून तिची उष्णता करायची, एवढंच ते काम. परत येणं, म्हणजे रीबाऊंड, फार सैल ठेवलं तर मागची बाजू उसळते हे सगळ्यांना कळतं. पण फार घट्ट केलं तर काय होतं ते पटकन लक्षात येत नाही. लागोपाठ उंचवटे असले की पहिल्यानंतर चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि सस्पेन्शन दबत दबत शेवटी ट्रॅव्हलच उरत नाही. ड्रायव्हर म्हणतो फार कडक आहे, आणि टीम स्प्रिंग मऊ करायला धावते, म्हणजे रोग एक आणि औषध उलटं! आम्ही शॉकअपच्या दांड्याला एक बारीक झिप टाय बांधायचो, राऊंड मारून आल्यावर ती कुठवर सरकलीय बघायचं. सगळ्यात मोठ्या उडीला ती जेमतेम टोकाला टेकली पाहिजे. दोन इंच आधीच थांबली तर तेवढा ट्रॅव्हल फुकट वागवतोय. आणि हे सगळं करायच्या आधी टायरची हवा रोज तीच ठेवा रे, 7-8 पीएसआयचा टायर म्हणजे पण एक स्प्रिंगच आहे.

वळणाबद्दल बोलायचं राहिलं, आणि ते बाहात फार महत्त्वाचं. बऱ्याच गाड्यांना मागे डिफरन्शियल नसतो, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. तीन मीटर त्रिज्येचं वळण आणि चाकांत 1.2 मीटर अंतर धरलं तर बाहेरच्या चाकाला आतल्याच्या दीडपट रस्ता कापायचा असतो, पण फिरतात दोघं सारखीच. मग आतलं चाक गाडीला सरळ ढकलत राहतं आणि ड्रायव्हर स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही झाडाकडे चाललेला असतो. उपाय ऐकायला विचित्र आहे, वळताना मागचं आतलं चाक उचलू द्यायचं! त्यासाठी गाडी कलताना मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त विरोध करेल असं बघायचं, म्हणजे मागे अँटीरोल बार (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा, पिळला जाणारा दांडा) लावायचा, मग आतल्या मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जमीन सोडतं. किंमत एवढीच की एकाच चाकाखाली दगड आला की बार दुसऱ्या चाकालाही त्यात ओढतो. आम्ही बारच्या टोकाला तीन भोकं पाडली होती, मोकळ्या मैदानात ट्रॅफिकचे कोन ठेवून फिरायचो आणि एकजण जमिनीवर आडवा पडून चाक किती उचलतंय ते बघायचा. दोन इंच उचललं की बास, जास्त उचललं तर गाडी कलंडते.

आणि एन्ड्युरन्सच्या दिवशी शॉकअप सकाळी एक आणि दुपारी एक असतो. तासभर खड्ड्यांतून गेलं की हात लावता येत नाही इतका तापतो, तेल पातळ होतं, डॅम्पिंग उतरतं. म्हणून आम्ही रीबाऊंड प्रॅक्टिसमध्ये गाडी गरम असताना सेट करायचो, आणि सुरुवातीची काही मिनिटं ड्रायव्हर जरा कडक आहे म्हणून कुरकुर करायचा, त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही असं ठरलेलंच होतं.